मागच्या गाडीतली बाई

आखाडा बाळापुरात आजही कुणाची गाडी रस्त्यात बंद पडली आणि कुणी चाचांचं नाव काढलं, की दुसरा लगेच हात झटकतो. "त्यायला नका बोलवू. त्यायनं मास्तरीणबाईची गाडी नालीत घातली व्हती."

ती मास्तरीणबाई मी. आणि गाडी चाचांनी नालीत घातली नव्हती. मी घातली होती.

एवढं एक वाक्य लिहायला मला चौदा वर्षं लागली. ज्यांनी ही गोष्ट गावभर केली त्यांच्यातल्या एकानंही गाडी नालीत जाताना पाहिलं नव्हतं, तरी प्रत्येकानं ती डोळ्यांनी पाहिली आहे. कुणाच्या गोष्टीत चाचांची जीप वाऱ्यासारखी पळते, कुणाच्या गोष्टीत ते विडी पेटवत असतात. चाचांनी जन्मात विडी ओढली नाही. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. पण खरा संताप येतो तो त्या वेळच्या स्वतःचा. अठ्ठेचाळीस वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला भरपूर सवड मिळालेली. ती बाई आज समोर आली तर तिला बाकावर उभी करीन आणि शाळा सुटेपर्यंत खाली उतरू देणार नाही.

चाचा आमचे घरमालक. खाली ते आणि चाची, वरच्या दोन खोल्यांत मी. आमचे हे नांदेडला नोकरीला, मुलंही तिथंच शिकायला, आणि मी जवळच्या खेड्यात मुख्याध्यापिका. चाचा साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवून निवृत्त झालेले. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या मागे लावून उमर काढलेली, त्यामुळे पुढे काय आहे यापेक्षा मागे काय आहे याची त्यांना जास्त काळजी. पायी चालतानासुद्धा दहा पावलांवर मान वळवून मागे बघायचे. चाची सांगायच्या, "लग्न करून मला घेऊन निघाले तवा सारखे मागं वळून बघत व्हते. मला वाटलं, माणसाचा आपल्यावर लई जीव. मागून कळालं, ट्रॉलीची सवय हाय."

मी राहायला गेले त्याच आठवड्यात आमचं पहिलं भांडण झालं. गच्चीवर मी कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती. चाचा पाण्याची टाकी बघायला वर आले, दोरीपाशी थांबले, गाठीकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि ती सरळ सोडून टाकली. माझी तीन ओली लुगडी धुळीत.

"अहो चाचा!"

"ही गाठ न्हाई बाई, हा गुंता हाय. गाठ ती, जी वढल्यावर बसती अन् सोडायची म्हणलं की सुटती."

"मी एम.ए. बी.एड. आहे," मी म्हणाले. हे मी त्या काळी कुठंही म्हणायची. भाजीवाल्यालाही.

"तकलीफ न्हाई," चाचा म्हणाले, "मी शिकवतो की."

आणि त्यांनी दोरी पुन्हा बांधली. लुगडी मात्र मलाच धुवावी लागली. कुणाची म्हैस दाव्याला बांधलेली दिसली तरी हा माणूस थांबून गाठ तपासायचा. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या संध्याकाळी माझ्या शाळेत येऊन झेंड्याची दोरी बघून गेला होता. मला त्याचा अपमान वाटला. झेंडा दुसऱ्या दिवशी सुरेख उलगडला, त्याचाही वाटला.

पण चाचांचा खरा छंद वेगळा. बंद पडलेली गाडी ओढून आणणं. त्यांच्याकडे एक जुनी जीप होती आणि तिच्यात सीटखाली जाड दोर वेटोळं करून ठेवलेला. या कामाचं ते कुणाकडून काही घेत नसत, त्यामुळे कुणाचं ऐकूनही घेत नसत. आधी स्वतः रस्त्यावर उताणे पडून गाडीखाली घुसायचे आणि ओढायचा हूक शोधायचे. बंपरला दोर बांधलेला त्यांना खपत नसे. यामागे गावातलाच एक प्रसंग होता. एका शेतकऱ्यानं आपली नवी गाडी बंपरला बैलाचा कासरा बांधून ट्रॅक्टरनं ओढत नेली. ट्रॅक्टरवाला गाणी लावून गॅरेजपर्यंत गेला, रुबाबात उतरला, मागे पाहिलं तर कासऱ्याला नुसता बंपर. गाडी आणि गाडीतला मालक मैलभर मागे, ज्वारीच्या कडेला. गाव महिनाभर हसलं. चाचा हसले नाहीत. ते त्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन त्याला तासभर बोलून आले.

हूक सापडला की पाच पावलं मोजून दोर बांधायचा. मधोमध लाल फडकं, म्हणजे दोन गाड्यांच्या मधून कुणी मोटारसायकल घालणार नाही. मग बघ्यांना काठीनं मागे सारायचं, कारण ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा येतो. मागच्या गाडीत स्टिअरिंगवर एकटं माणूस, बाकी सगळे खाली. त्याचा मोबाइल चाचांच्या खिशात. आणि मग इम्तिहान.

हो, परीक्षा. मागच्या गाडीत बसणाऱ्याची. कारण चाचांच्या हिशेबी पुढच्याचं काम सोपं, हळू जायचं आणि झटका द्यायचा नाही. सगळी मदार मागच्यावर. दोर ताठ ठेवायचा तो मागच्यानं, पुढची गाडी हळू झाली की आधी ब्रेक लावायचा तो मागच्यानं. जो नापास होईल त्याला चाचा सरळ उतरवायचे, मग तो सरपंच का असेना. एका सरपंचाला खरंच उतरवलं होतं. एक पोरगं बंद मोटारसायकलवर आणि दुसरं चालू मोटारसायकलवरून तिला पायानं ढकलत नेतंय, हे दृश्य तर त्यांच्या डोळ्यांसमोर घडायला नको. वहाण हातात घेऊन धावायचे. "पाय मोडून घेता काय रे! घरी माय वाट बघून राहिली असंल!" पोरं हसत निघून जायची. लोक म्हणायचे, सनकी म्हातारा. मीही म्हणायची. फक्त मी 'विक्षिप्त' म्हणायची, कारण एम.ए. बी.एड.

आता माझा पराक्रम.

मी नुकतीच गाडी शिकले होते. जुनी, पांढरी, चार माणसांची. बाळापुरात तेव्हा गाडी चालवणारी बाई मी एकटी, आणि हे कुणाच्या नजरेतून सुटू नये म्हणून मी काळा गॉगल घेतला होता. सीट इतकी पुढे ओढून बसायची की स्टिअरिंग पोटाला लागायचं. रस्त्यावर कुणी नसलं तरी हॉर्न. एका दुपारी शाळेतून परतताना कळमनुरीच्या रस्त्यावर गाडीनं दोनदा खोकल्यासारखं केलं आणि बंद पडली. मी चाचांना फोन केला. जीप घेऊन लगेच आले.

दोर बांधून झाला. आजूबाजूच्या शेतातून आठ-दहा माणसं जमली होती. माझ्या शाळेतल्या दोन पोरांचे बापही त्यात होते. आणि सगळ्यांच्या देखत चाचांनी माझ्या खिडकीला टेकून विचारलं, "बाई, इंजिन बंद असल्यावर बिरेक कसा लागतो?"

"ब्रेक," मी म्हणाले. "बिरेक नाही. ब्रेक."

"बरं, तोच. दाबून बघा."

मी दाबला. दगडावर पाय दिल्यासारखं वाटलं.

"इंजिन चालू नसलं की असाच कडक व्हतो. सारा जोर लावून दाबायचा. स्टिअरिंग बी जड जाईल. गिअर न्यूट्रल. दोर ढिल्ला पडू द्यायचा न्हाई. अन् किल्ली..."

किल्लीबद्दल ते जे बोलले ते मी ऐकलं नाही. प्रामाणिकपणे सांगते. त्या वेळी मी गॉगल चढवत होते आणि मनात म्हणत होते की पंचवीस वर्षं मी लोकांच्या परीक्षा घेतल्या आणि हा ट्रॅक्टरवाला भर रस्त्यात माझी घेतोय. "कळलं का बाई?" त्यांनी विचारलं. "कळलं," मी म्हणाले. वर्गात न ऐकणारं पोरगं ज्या सुरात म्हणतं, अगदी त्याच सुरात. तो सूर मी हजार वेळा पकडला होता. दुसऱ्यांचा.

चाचा जीपमध्ये बसले. दोर ताठ झाला आणि आम्ही निघालो. बैलगाडीच्या चालीनं. पाच मिनिटांत मला वाटलं, एवढंच? यात काय आहे? आणि मग माझं लक्ष समोरच्या काचेखाली गेलं. तिथं एक लाल दिवा जळत होता.

आता माझं आयुष्य गेलं दिवे बंद करण्यात. लोडशेडिंगच्या दिवसांत वाढलेली मी, वर्गातून पोरं बाहेर पडली आणि पंखा चालू राहिला तर अख्ख्या वर्गाला परत बोलवायची. गाडी बंद, इंजिन बंद, आणि हा दिवा उगाच जळतोय! बॅटरी उतरेल की! मी किल्ली फिरवली. दिवा विझला. मग वाटलं, किल्ली तरी कशाला लटकत ठेवायची, त्याच कडीला शाळेच्या कपाटाची किल्लीही आहे. काढली आणि पर्समध्ये टाकली. पर्सची चेनही लावली. काम कसं, चोख!

पुढे रस्ता जरा डावीकडे वळतो. चाचा वळले. मी स्टिअरिंग फिरवलं. ते खटकन अडकलं आणि हलेना. किल्ली काढली की स्टिअरिंगला कुलूप बसतं, गाडी चोरीला जाऊ नये म्हणून. हे चाचांनी सांगितलं होतं. मी ब्रेकवर पाय ठेवला, पण सारा जोर लावायचा हे तेव्हा कुठं आठवलं! गाडी सरळ रस्ता सोडून नालीत. पुढचं चाक खाली, दिवा फुटलेला, गॉगलचे दोन तुकडे नाकावर. मला खरचटलंसुद्धा नाही. चाचांची जीप मागे ओढली जाऊन रस्त्याला आडवी उभी राहिली होती.

ते धावत आले. "बाई, लागलं का?" दार उघडलं. त्यांची नजर आधी माझ्यावर फिरली आणि मग किल्लीच्या रिकाम्या भोकावर गेली. तिथं ती थांबली. मी पर्स छातीशी धरून बसले होते.

तोवर मघाची माणसं मागून धावत आली. "काय झालं मॅडम? चाचानं जोरात वढली का?"

माझ्या शाळेतल्या पोरांचे बाप. माझ्या तोंडाकडे बघणारे. मी म्हणाले, "काय माहीत. एकदम झटका बसला."

झटका! चाचांच्या हातून! ज्या माणसानं उभ्या आयुष्यात दोराला झटका दिला नाही, त्याच्यावर मी तो शब्द टाकला. खोटं बोललेच नाही, असंही मी रात्री स्वतःला समजावलं, कारण स्टिअरिंग अडकलं तेव्हा मला झटका बसलाच होता. पाहा, किती हुशार होते.

चाचा दोर सोडवायला वळले. गाडी काढली, गॅरेजला पोचवली, जीप दारात लावली. दुसऱ्या दिवसापासून बाळापुरात ती गोष्ट सुरू झाली आणि चाचांना कुणी बोलवेनासं झालं. गाड्या पुन्हा कासऱ्यानं ओढल्या जाऊ लागल्या, पोरं पुन्हा मोटारसायकलींना पाय लावू लागली. चाचा रस्त्यावर ओरडले, की आता उलट उत्तर यायचं, "तुमी आधी मास्तरीणबाईची गाडी सांभाळा चाचा!" ते वहाण खाली टाकून, पायात घालून परत फिरायचे. मी वरच्या खिडकीतून बघायची आणि पडदा ओढायची.

बाहेरगावची माणसं मात्र कधीमधी यायची, औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला आलेली, गोष्ट ठाऊक नसलेली. त्यांच्यासाठी चाचांनी एक नवीनच सुरू केलं. गाडी ओढायच्या आधी लाल सुताचा धागा घेऊन किल्ली स्टिअरिंगच्या दांड्याला बांधून टाकायची. कुणाला चुकूनही ती उपसता येऊ नये, एवढाच हेतू. धागा कशासाठी आणि कुणामुळे, हे जगात दोनच माणसांना माहीत होतं.

लोकांनी त्याचं काय केलं असेल? वर्षभरानं एक कुटुंब पेढे घेऊन चाचांच्या दारात हजर. "चाचा, तुमच्या धाग्यानं वर्षभर गाडीला ओरखडा नाही!" धागा अजून किल्लीला होता. रोज सोडत होते आणि रोज बांधत होते, उदबत्ती ओवाळून. मग पंचक्रोशीत झालं की चाचांच्या हाताला गुण आहे. एक जण नवा कोरा ट्रॅक्टर घेऊन आला, नारळ घेऊन.

"काय बांधू?" चाचांचा आवाज वरपर्यंत आला. "ह्यो गंडा न्हाई, गंडा न्हाई, गंडा न्हाई! किल्ली निघू न्हाई म्हणून बांधला व्हता! तुझा ट्रॅक्टर चालू हाय ना? मग जा की!"

"चाचा, बांधा ना, एवढ्या लांबून आलो."

"गाडी वढतो तवा इश्वास न्हाई, अन् सुतावर इश्वास?" ते ओरडले. तो माणूस नारळ पायरीवर ठेवून गेला. चाचींनी त्याची चटणी केली आणि मला वाटीभर वर पाठवली. तो घास माझ्या घशाखाली उतरला नाही, असं लिहायला बरं दिसेल. उतरला. चटणी चांगली झाली होती.

पुढे माझी बदली झाली, निवृत्ती झाली, हिंगोलीत घर झालं, नातवंडं झाली. चाची गेल्या तेव्हा भेटून आले, तेव्हाही बोलले नाही. मग गेल्या हिवाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या दुकानाचं उद्घाटन होतं, म्हणून बाळापूरला गेले. चहाच्या हॉटेलात बसलो होतो. समोर एक गाडी बंद पडली. ती नांदेडकडच्या एका एकट्या पोरीची. हॉटेलवाल्याचा पुतण्या ट्रॅक्टर घेऊन आला आणि बंपरला दोर गुंडाळायला लागला. ती म्हणाली, "इथं कुणी जाणकार नाही का?" हॉटेलवाला हसला. "व्हते एक. त्यायनं या मॅडमचीच गाडी नालीत घातली."

मी उठून उभी राहिले. "त्यांनी नाही घातली. मी घातली. चालत्या गाडीत मी किल्ली काढली होती."

 मग हॉटेलवाल्यानं हात जोडले. "मॅडम, तुमचं मन लई मोठं. म्हाताऱ्या माणसाचं नाव राहावं म्हणून स्वतःवर घेऊन राहिल्या." बाकीचे माना डोलावू लागले. एकाला तर गहिवर आला. खरं सांगून माझी अब्रू वाढली आणि चाचांची होती तिथंच राहिली! मला असा राग आला की चहाचा कप आदळून मी तडक त्या घराकडे निघाले.

चाचा ओट्यावर बसले होते. केस पांढरे, बाकी तसेच.

"चाचा, मी खरं सांगितलं. लोक मानत नाहीत."

"चौदा वर्सानं सांगितलं तर कसं मानतील?" ते कडाडले. "त्या दिवशी नालीत उभं राहून एक बार म्हणल्या असत्या, बस व्हतं. आता काहून आल्या? तुमचा गुंता माझ्याकून सोडवून घ्यायला?"

मला रडू यायला हवं होतं. मी म्हणाले, "एक पोरगी अडकली आहे. पुतण्या बंपरला दोर बांधतोय."

"बंपरला?" चाचा उठले आणि वहाण घालून माझ्या पुढे चालू लागले.

हॉटेलपाशी त्यांनी पुतण्याला ट्रॅक्टरवरून उतरवलं, दोर सोडवला, गाडीखाली घुसून हूक शोधला. पोरीला विचारलं तर ती घाबरून म्हणाली, मला नाही जमणार. मी पदर खोचला. "मी बसते मागच्या गाडीत."

"इम्तिहान द्यावा लागंल."

"घ्या."

बासष्टाव्या वर्षी, भर चौकात दिला. बिरेकला बिरेकच म्हणाले. किल्लीचं सांगताना मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि ते संपेपर्यंत पापणी हलवली नाही. मग चाचा ट्रॅक्टरवर चढले आणि आम्ही निघालो. लाल दिवा जळत होता, जळू दिला. ढोपरं दुखेपर्यंत ब्रेक दाबत, पुलावरून, बाजारातून, गॅरेजच्या दारात. हॉटेलवाला आणि त्याची मंडळी मागून मोटारसायकलींवर. गाडी थांबली तशी त्यानं टाळी वाजवली.

"बघा! मागं मॅडम व्हत्या म्हणून गाडी बराबर आली!"

"काय म्हणालास?" मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "परत म्हण."

"मागं तुमी व्हत्या म्हणून..."

"आज मागं मी होते म्हणून नीट आली. मग त्या दिवशी मागं कोण होतं?"

 कुणीतरी खाकरलं. पुतण्यानं ट्रॅक्टरवर बसलेल्या म्हाताऱ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. हॉटेलवाला हळूच म्हणाला, "मग चाचा, तुमी इतके वर्स बोलले काहून न्हाई?"

"इचारलं कोनी?" चाचा म्हणाले. ट्रॅक्टरवरून उतरले, दोराच्या मधोमध बांधलेलं फडकं सोडलं आणि माझ्या खिडकीशी आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"बाई, पुलापाशी दोर ढिल्ला पडला. काहून?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"माझं लक्ष नव्हतं चाचा," मी म्हणाले, पार मागच्या मोटारसायकलीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "चुकलं माझं."